बिनकुत्र्याचा पट्टा

कुत्रं पाळावं की नाही हे ठरवायला माणसाला किती वेळ लागावा? आमच्या वॉचमनच्या मते एक विडी ओढून होईपर्यंत. मी चौदा दिवस मागून घेतले होते. त्यातल्या पहिल्या दहाच दिवसांत एका निरपराध माणसावर चोरीचा आळ आला, सरकारी दप्तरात माझ्या नावावर दोन कुत्री चढली आणि दिवाणी न्यायालयात एकतीस वर्षं काढलेले एक गृहस्थ माझ्याकडं बघून "अरेरे" म्हणाले. या काळात मला कुणी मदत केली नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मदत सगळ्यांनीच केली.

मी मूळचा निपाणीचा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि दोन वर्षांपासून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत आहे. भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडाचा नमुना माझ्याकडं येतो. कार्बन किती, सिलिकॉन किती ते मी सांगतो, आणि मी 'ओता' म्हटल्याशिवाय कुणी ओतत नाही. तिथं मी दोन मिनिटांत निर्णय देतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं वाचल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

मष्णूअण्णा आमच्या गेटवरचे वॉचमन, खानापूरकडचे. गेटवरच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली. चार गेली आणि एक उरलं. तांबडं, पुढचा डावा पाय तेवढा पांढरा, जणू चुन्यात बुडवून काढलेला. ते रोज संध्याकाळी माझ्या मोटारसायकलखाली येऊन बसायचं. कारखान्यात दोनशे गाड्या असताना ते माझीच का निवडतं याची मी बरीच कारणं तपासली. (सावली, इंजिनाची ऊब, माझ्या डब्याचा वास.) मष्णूअण्णा म्हणाले, "आवडलाय तुमी त्याला. न्या की साहेब."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"करा की. पर पुढच्या न्हाय, त्याच्या पुढच्या शनवारी गिऱ्हाइकाची माणसं येणार हाईत तपासणीला. तवर गेटवर एक बी कुत्रं दिसाय नको, असा मॅनेजरसाहेबांचा हुकूम हाय. कुत्रीला शेजारच्या कारखान्यात सोडलंय. ह्याला संकेश्वरचा एक ट्रकवाला मागतोय."

"मग?"

"म्हणलं, हे ठरलंय."

मी काहीच ठरवलं नव्हतं. पण नाकारलंही नव्हतं, आणि मष्णूअण्णांच्या शब्दकोशात न नाकारणं म्हणजे ठरणं. ट्रकवाला रिकाम्या हातानं गेला.

आता माझी अडचण ऐका. मी सकाळी सव्वाआठला घर सोडतो आणि पावणेसहाला परत येतो. म्हणजे साडेनऊ तास. मच्छेच्या अलीकडं आमची कॉलनी आहे, तिथं बेबीआक्कांच्या घरात वरच्या मजल्यावर मी एकटा राहतो. साडेनऊ तास एक जीव कोंडून ठेवायचा? आणि आणल्यावर जमत नाही म्हणून परत करायचा? ते मला पटेना. म्हणून मी असं ठरवलं, की आधी चौदा दिवस कुत्र्याशिवाय कुत्रं पाळून बघायचं. पहाटे उठणं, फिरवणं, दुपारी घरी येऊन पाणी बदलणं, सगळं काटेकोर करायचं. चौदा दिवस निभलं तर पिल्लू आणायचं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आधी चौदा दिवस स्वतःचे कपडे धुऊन बघ." शास्त्रीय कामाला घरातून उत्तेजन मिळत नाही हे जुनंच दुखणं आहे.

मी बाजारातून एक लाल पट्टा आणला. पट्टा कशाला, असं कुणी विचारेल. पट्टा नसता तर ते नुसतं फिरणं झालं असतं, आणि मला फिरणं नव्हे, फिरवणं तपासायचं होतं. पिल्लू साधारण पंचवीस पावलांवर थांबतं, हे मी गेटवर मोजून ठेवलं होतं. म्हणून मीही पंचवीस पावलांवर थांबायचो. विजेचा खांब आला तर जरा जास्त वेळ.

तिसऱ्या दिवशी, पहाटे पावणेसहाला, मी असाच खांबाजवळ कुणाची तरी वाट बघत उभा होतो. हातात पट्टा लोंबत होता. बेबीआक्का अंगणात सडा घालत होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली.

"काय रं चिन्मय, कुत्रं कुठं गेलं?"

खरं उत्तर चार वाक्यांचं होतं. मी ती मनात जुळवून बघितली. 'आक्का, कुत्रं नाही. मी नसलेल्या कुत्र्याला फिरवतोय. ते आत्ता खांबाजवळ थांबलंय. अजून अर्धा मिनिट लागेल.' हे कुणाही शहाण्या माणसानं घरमालकिणीला सांगू नये.

मी म्हणालो, "सुटलं."

"आगं बाई! आनि आणलंस कवा?"

"परवा."

"मला सांगितलं बी न्हाईस! मी काय न्हाय म्हणणार होतो व्हय रं? आमच्यात चार कुत्री होती. कसलं हाय? रंग कसला?"

इथं मी दुसरी चूक केली. खोटं बोलणाऱ्यानं कल्पनाशक्ती वापरावी. मला अचूकतेची सवय. मी म्हणालो, "तांबडं. पुढचा डावा पाय पांढरा."

"नाव?"

नाव नव्हतंच. डोक्यात दिवसभर जे असतं तेच तोंडातून आलं. "कार्बन."

समोरच्या बंगल्यात रघुवीर वकील राहतात. आता निवृत्त आहेत, पण निवृत्ती त्यांना मानवलेली नाही. सात वाजता ते माझ्या दारात उभे होते. "फोटो आहे का? असेल तर ग्रुपवर टाका. पुरावा लागतो." फोटो होते. गेटवर काढलेले तेवीस. मी एक टाकला. इतकं गोंडस पिल्लू हरवल्यावर कॉलनी स्वस्थ बसेल, ही माझी तिसरी चूक.

रविवारी सकाळी कॉलनी शोधाला निघाली. दोघं रेल्वे फाटकाकडं, चौघं उसाच्या फडाकडं, आणि सगळे ओरडतायत, "कार्बन! ए कार्बन!" मीही ओरडत होतो. सगळ्यांत मोठ्यानं. न ओरडणं वाईट दिसलं असतं. दूध घालणाऱ्या मनुबाई म्हणाल्या, "मी बघितलं की! काल सांजच्याला माझ्या म्हशीमागं हुतं." टायर दुकानाच्या मालकांनी ते शुक्रवारी बघितलं होतं. आणखी एका गृहस्थांनी त्याला बिस्किट घातलं होतं. जे कॉलनीत कधी आलंच नाही त्याची तीन स्वतंत्र निरीक्षणं. त्या दिवसापासून प्रत्यक्षदर्शी पुराव्याबद्दल माझं मत फार चांगलं राहिलेलं नाही.

सल्ल्यांना तर अंत नव्हता. दारात दूधभाकरी ठेव. रात्रीचा दिवा चालू ठेव. तुझा न धुतलेला शर्ट फाटकावर टांग, वासानं येतंय. मी शर्टही टांगला. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकानं तो बघून हळहळ व्यक्त केली. पहाटेचं पट्टा घेऊन फिरणं मी चालूच ठेवलं होतं, फक्त आता लोकांना ते शोधणं वाटायचं. बेबीआक्कांनी तर माझी शेगडीच बंद करून टाकली. "मन लागत नसंल तुझं. खाली ये जेवायला." त्या कुत्र्याच्या दुःखावर मी पाच वेळा जेवलो. दोनदा तर पुरणपोळी होती, आणि मी ती मागून घेतली.

मग त्या वेळीच खरं का सांगितलं नाही? रोज सांगणार होतो. पण तिसऱ्या दिवशी जे सांगायला चार वाक्यं पुरली असती, त्याला सातव्या दिवशी चाळीस लागली असती. आणि गेटवर ते पिल्लू रोज संध्याकाळी माझ्या गाडीखाली बसलेलं असायचं. हा विनोद नव्हता. मला ते बघवायचं नाही.

सोमवारी दुपारी, आठव्या दिवशी, प्रयोगशाळेत फोन आला. घरोघरच्या पाळीव प्राण्यांची नोंद चालू होती, पिसाळल्याची लस द्यायची म्हणून. कुठल्या कार्यालयातून ते सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. बाई कन्नडमध्ये बोलत होत्या आणि शेजारी भट्टीचा पंखा घोंगावत होता.

"मनेयल्ली साकु प्राणी इदेया?"

मने म्हणजे घर. प्राणी म्हणजे प्राणी. माझं कन्नड एवढ्यावर भागतं. आता कन्नडमध्ये 'नाही'ला 'इल्ल' म्हणतात हे बेळगावात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, मलाही आहे. पण घाईत माणसाच्या तोंडून सवयीचं येतं. आमच्या घरी 'नाही' म्हणतात. कारखान्यात पहिल्या महिन्यात मी तसं म्हटलं की मोल्डिंगवाले म्हणायचे, "व्हय वं पुणेकर." दोन वर्षांत मी कष्टानं त्यांच्यासारखा झालो होतो.

"न्हाय," मी म्हणालो.

"एनु?"

पहिलं ऐकू गेलं नसावं म्हणून मी फोन तोंडाजवळ धरून ओरडलो, "न्हाय! न्हाय!"

"सरी. एरडु," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. एरडु म्हणजे दोन. मी घड्याळात बघितलं, तर दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. वेळ सांगितली असेल असं समजून मी पुढच्या नमुन्याकडं वळलो.

बुधवारी संध्याकाळी सुटलो तर गेटवर मष्णूअण्णा नव्हते. गाडीखाली पिल्लूही नव्हतं. दोघं पाण्याला गेले असतील, असं वाटलं. घरी आलो तर फाटकासमोर गर्दी. मध्ये रघुवीर वकील उभे, मनगटाला सुतळी, आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला तांबडं पिल्लू. पुढचा डावा पाय पांढरा.

मला बघितल्याबरोबर ते धावत आलं आणि माझ्या बुटांवर लोळलं. बेबीआक्कांनी पदर डोळ्याला लावला. "बघा, वळखलं मालकाला."

"ग्रिलवाल्याकडं गेलो होतो उद्यमबागेत," वकील सांगू लागले. हे ते बहुतेक चौथ्यांदा सांगत होते. "बघतो तर तुमच्याच कारखान्याच्या गेटवर हे! वॉचमनला विचारलं, कुत्रं कुणाचं? तर काय म्हणावं त्यानं? म्हणाला, चिन्मयसाहेबांचं! स्वतःच्या तोंडानं! म्हटलं, मग तुझ्याकडं कसं? तर म्हणतो, साहेब विचार करतायत, तोवर माझ्याकडं. कसला उर्मट! मी तसाच आत जाऊन तुमच्या मॅनेजरांना भेटलो. त्यांनी त्याला लगेच गेटवरून काढलं. उद्या चौकशी आहे. काळजी करू नका, साक्षीला मी येतो."

मी तोंड उघडलं. पण त्याच वेळी गर्दीतून एक तरुण बाई पुढं आल्या. हातात रजिस्टर, मागं बर्फाची पेटी घेतलेला लस टोचणारा. बाईंचं नाव सौम्या, नुकत्याच तुमकूरहून बदलून आलेल्या.

"चिन्मय सर? एरडु नायी," त्या म्हणाल्या. मग आमच्यासाठी मोडक्या मराठीत, "दोन कुत्रा. एक इथं आहे. दुसरा कुठं?"

सगळे माझ्याकडं वळले.

"दोन?" बेबीआक्का म्हणाल्या. "दुसरं बी हुतं? आनि ते बी गेलं?"

"म्हणजे त्या वॉचमननं दोन नेली!" वकिलांनी खिशातून पेन काढलं. "एक तर त्यानं विकलंच असणार."

मष्णूअण्णांवर दुसरी चोरी चढायला एवढाच वेळ लागला. लोखंडाचा नमुनासुद्धा इतक्या लवकर तपासून होत नाही.

"दुसरं नाही," मी म्हणालो.

"पण तुम्हीच सांगितलं, सर." सौम्याबाईंनी रजिस्टरावर बोट ठेवलं. "मी विचारलं, प्राणी आहे? तुम्ही म्हणालात, नायी, नायी."

मनुबाईंच्या घशातून एक आवाज आला. त्यांनी दुधाची किटली खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन हसायला लागल्या. "आगं आई गं! ह्यो म्हणतोय न्हाय न्हाय, आनि त्या लिवत्यात कुत्रं कुत्रं!" मग टायरवाले हसले. मग लसवाला. सौम्याबाईंना कुणीतरी समजावून सांगितलं, तेव्हा त्या लाल झाल्या आणि म्हणाल्या, "इल्ल अंत हेळबेकित्तु सर." इल्ल म्हणायचं होतं, सर. त्या अगदी बरोबर होत्या.

हसत नव्हते ते एकटे वकील. ते म्हणाले, "थांबा. तुम्ही बाईंना नाही म्हणालात. सोमवारी. तेव्हा कुत्रं हरवलेलं होतं, म्हणून नाही म्हणालात. बरोबर?"

ही पळवाट होती. वकिलांनी स्वतः, फुकट, उघडून दिलेली. मी पिल्लाकडं बघितलं. ते माझ्या बुटाची नाडी चावत होतं.

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडं कुत्रं नव्हतंच. कधीच नव्हतं. हे मष्णूअण्णांच्या गेटवरचं आहे. त्यांनी चोरलं नाही. मी खोटं बोललो."

"मग सकाळचं फिरवत कुणाला हुतास?" बेबीआक्कांनी विचारलं.

"कुणाला नाही."

"आनि खांबाजवळ थांबत हुतास ते?"

याला उत्तर होतं, पण मी ते दिलं नाही. "मी पुरण घातलं की रं तुझ्यासाठी," आक्का हळू म्हणाल्या. चोरीचा आळ, सरकारी नोंद, कॉलनीचा रविवार, या सगळ्यांपेक्षा मला ते पुरण जास्त लागलं. अजून लागतं.

तेवढ्यात मष्णूअण्णा सायकलवरून आले. अंगात गणवेशाचा शर्ट नव्हता. हँडलला एक जर्मनची वाटी अडकवलेली होती.

"साहेब, तुमी नेलासा म्हणून बरं वाटलं," ते म्हणाले. "वाटी ऱ्हायली हुती त्याची. दुसऱ्या भांड्यात खात न्हाय ते." मग वकिलांकडं बघून मान थोडी खाली घालून म्हणाले, "ह्ये म्हणालं, चोरलंस. मॅनेजरबी म्हणालं. मी म्हणलं, साहेबांस्नी इचारा, ते सांगतील की."

इतक्या माणसांत माझ्यावर विश्वास असणारा तो एकच माणूस उरला होता, आणि त्याच्या हातात वाटी होती.

लसवाल्यानं पिल्लाला सुई टोचली. त्यानं एकदाच कुंईं केलं. सौम्याबाईंनी कार्ड काढलं आणि मालकाच्या नावाशी पेन थांबवलं. आता सगळे माझ्याकडं बघत होते. रागानं नव्हे. उलट त्यांचे चेहरे जरा निवळले होते. आक्कांनी तर मान हलवून खूणही केली, लिहून टाक म्हणून. एवढं सगळं झाल्यावर माणूस दुसरं काय करणार?

पण मी दहाव्या दिवशी होतो. चार दिवसांची निरीक्षणं शिल्लक होती. त्यातच मंगळवारी दुपारी मला घरी यायला जमलं नव्हतं, म्हणजे पिल्लू असतं तर ते दिवसभर तहानलेलं राहिलं असतं. हे खरं होतं. म्हणून मी जे बोललो ते मला त्या क्षणी अत्यंत जबाबदारीचं वाटलं.

"शनिवारपर्यंत सांगितलं तर चालेल का?"

"अरेरे," वकील म्हणाले.

मष्णूअण्णांनी सायकल स्टँडवर लावली, पुढं आले आणि पिल्लाला उचलून काखेत घेतलं. "माझं नाव लिवा, बाई," ते म्हणाले. "मष्णू. म वर मात्रा न्हाय, साधं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये उभं राहून सगळं सांगितलं. पट्ट्यापासून सुरुवात केली. ते आधी हसले, मग हसायचे थांबले, आणि म्हणाले, "चिन्मय, एका माणसाची नोकरी जात होती." मी हो म्हणालो. मष्णूअण्णा नऊ वाजता गेटवर परत आले. रघुवीर वकील स्वतः येऊन, सगळे कामगार आत येत असताना, त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. मला वाटतं तसं करायला मोठं मन लागतं. मी माफी मागितली ती गेटच्या आत, खोलीत, कुणी नसताना. मष्णूअण्णा म्हणाले, "हुतंय साहेब, गैरसमज," आणि ट्रकची नोंद करायला निघून गेले. गैरसमज नव्हता. त्यांनाही ते माहीत होतं.

तीन आठवड्यांनी एका रविवारी मी त्यांच्या गावाला गेलो. पिल्लू अंगणात होतं आणि बरंच वाढलं होतं. त्यांच्या घरात सगळेच कामाला जातात. मष्णूअण्णा गेटवर, बायको आणि सून रानात, मुलगा गवंडीकामावर. घर आठ ते सहा बंद.

"मग हे दिवसभर एकटंच असतं?" मी विचारलं.

"एकटं कुठलं?" मष्णूअण्णांच्या पत्नी म्हणाल्या. "झोपतंय. उठतंय. कोंबड्यांवर भुकतंय. सांजच्याला आमी आलो की नाचतंय." त्यांनी मला भाकरी आणि झुणका वाढला. "आनि तुमच्या घरात दिसभर कोण असतंय?"

"कुणी नाही."

"आनि सांजच्याला?"

"संध्याकाळी मी असतो."

त्यांनी मष्णूअण्णांकडं बघितलं, आत गेल्या आणि मला आणखी एक भाकरी आणून वाढली. मला ती नको होती. पण नको म्हणायची हिंमत नव्हती.

पिल्लू येऊन ताटासमोर बसलं. वाढत्या वयात कुत्र्याला तिखट देऊ नये, असं मी वाचलं होतं. पण नुसती भाकरी चालत असावी. शिवाय परक्या घरी, मालकाला न विचारता देणं कितपत योग्य, हाही प्रश्न होताच. मी त्यावर फार वेळ घालवला असं नाही, चार-पाच सेकंद असतील. तेवढ्यात त्यानं ताटातून भाकरी उचलली आणि गोठ्यामागं घेऊन गेलं.